घरच्या घरी मुलांसाठी अडथळ्यांचा कोर्स कसा मांडायचा, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी सविस्तर

जून ते सप्टेंबर पाऊस, मेमध्ये ऊन, एरवी पार्किंगभर गाड्या, मग पोरांनी हुंदडायचं कुठे हा प्रश्न बारा महिने असतोच. ग्राउंड लांब, क्लासच्या वेळा जुळत नाहीत, आणि संध्याकाळी सहा वाजता मूल सोफ्यावरून खाली आणि खालून परत सोफ्यावर असं चालू करतं तेव्हा आपण ओरडतो, पण खरं तर त्याच्या शरीराला जे पाहिजे तेच ते मागत असतं. त्याच उड्यांना नीट रस्ता आखून दिला की झाला ऑब्स्टॅकल कोर्स. दोन खोल्यांच्या घरात होतो, विकत जवळजवळ काही आणावं लागत नाही, मांडायला अर्धा तास आणि आवरायला त्याहून कमी. मी आधी माझ्या भाचीसाठी आणि मग सोसायटीतल्या पोरांसाठी बरेच पावसाळे हे मांडत आलेय, त्यामुळे नव्याने सुरू करणाऱ्यांना जे जे लागेल ते सगळं इथे सांगते.

एक गोष्ट आधीच सांगते कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. कोर्स किती उंच, किती अवघड, किती फास्ट याला काही अर्थ नाही, त्यात मूल किती वेगवेगळ्या प्रकारे हलतं ते बघायचं. रांगणं, वाकणं, उडी, तोल, फेकणं, ओढणं, उचलणं हे सगळं एका फेरीत आलं पाहिजे. नुसत्या धावण्याने पाय दमतात, पण हात, खांदे, पाठ, पोट तसंच राहतं, आणि हल्ली मुलांचं नेमकं तेच कच्चं राहतंय कारण झाडावर चढणं नाही, दोरीला लोंबकळणं नाही, विहिरीतून पाणी ओढणं तर सोडाच.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान ३ दिवस त्यात हाडं आणि स्नायू मजबूत करणारा व्यायाम असावा. ३-४ वर्षांच्या मुलांसाठी तर दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल आणि त्यातली ६० मिनिटं जरा जोरातली. हे आकडे वाचून घाबरू नका, ते तुकड्यातुकड्यात चालतं. वीस मिनिटांचा कोर्स झाला की तासाचा एक तृतीयांश तिथेच संपला, आणि उड्या आणि हातापायांवर चालणं हे हाडं-स्नायूंच्या खात्यातही जमा होतं.

पायरी १: जागा रिकामी करा

सामान गोळा करण्याआधी जागा बघा. हॉलमधलं टीपॉय आधी बाहेर, त्याचे कोपरे बरोबर मुलांच्या कपाळाच्या उंचीला असतात. काचेचं टीपॉय असेल तर दुसऱ्या खोलीत आणि दार बंद. फॅनची वायर, चार्जरच्या वायरी, मच्छर मारायचं मशीन, जमिनीवरच्या कुंड्या, देवघरातला दिवा, सगळं बघून घ्या. टीव्ही स्टँडवर असेल तर कोर्सचा शेवट त्या दिशेला करू नका, मुलं शेवटच्या अडथळ्यानंतर थांबत नाहीत, तशीच पळत जातात. शेवटी निदान सहा-सात फूट मोकळं ठेवा, आणि तेवढं नसेल तर शेवटचा अडथळा असा ठेवा की तिथे मुलाला थांबावंच लागेल, म्हणजे बॉल टाकणं किंवा काहीतरी रचणं.

कोर्स सरळ रेषेत पाहिजे असं काही नाही. हॉलमधून पॅसेज, पॅसेजमधून बेडरूम, बेडरूममधून परत हॉल असा फिरवला की छोट्या घरातही भरपूर लांबी मिळते. फक्त स्वयंपाकघर यात आणू नका, गॅसवर काही असो वा नसो. बाथरूमच्या दारापाशी फरशी ओली असते, तिथूनही नाही. बाल्कनीचं दार बंद, कडी लावून, आणि खिडकीपाशी चढायला होईल असं काहीही ठेवू नका.

पायरी २: हालचाली ठरवा, वस्तू नंतर

बहुतेक जण उलटं करतात, घरात काय आहे ते बघतात आणि मांडतात, मग होतं काय की सहा अडथळे आणि सहाही उड्यांचेच. म्हणून आधी कागदावर हालचाली लिहा.

यासाठी मला जॉर्ज एबेर या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याची यादी फार उपयोगी पडते. हा माणूस १९०२ मध्ये कॅरिबियनमधल्या मार्तिनिक बेटाकडे नेमणुकीवर होता, त्याच वर्षी ८ मे रोजी तिथल्या माँ पेले ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि सेंट पिएर हे अख्खं शहर उद्ध्वस्त झालं, मदतकार्यात तोही होता. पुढे त्याने व्यायामाची जी पद्धत बसवली तिचा भर मशीनवर नव्हता, संकटात माणसाला प्रत्यक्ष कामाला येतील अशा हालचालींवर होता, आणि आज जगभरातल्या सैन्यात जे अडथळ्यांचे कोर्स असतात त्यांच्यावर त्याच्या या कामाचा मोठा प्रभाव आहे. त्याचे दहा गट असे: चालणं, धावणं, उडी मारणं, हातापायांवर चालणं, चढणं, तोल सांभाळणं, फेकणं, उचलणं, स्वतःचा बचाव आणि पोहणं. शेवटचे दोन घरात सोडून द्या, उरलेल्या आठांपैकी पाच-सहा तरी तुमच्या कोर्समध्ये असले पाहिजेत. कागदावर गटाचं नाव लिहा आणि त्याच्यासमोर घरातली वस्तू लिहा, मांडणी आपोआप सुचते.

पायरी ३: सामान

हातापायांवर चालण्यासाठी काहीच सामान लागत नाही, नुसता पट्टा आखून द्या आणि इथून तिथपर्यंत अस्वलासारखं, इथून तिथपर्यंत खेकड्यासारखं असं सांगा. अस्वल म्हणजे दोन्ही तळवे जमिनीवर, गुडघे न टेकता. खेकडा म्हणजे उताणं, हात मागे टेकून, कंबर उचलून. खेकडा चालीत दंड, खांदे आणि पोट असं लागतं की मोठ्यांनी एकदा स्वतः करून बघावं. बेडूक उड्या तर सगळ्यांना माहीतच आहेत.

रांगायला बोगदा पाहिजे, त्यासाठी डायनिंग टेबलावर मोठी चादर टाका, दोन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत येऊ द्या. चादर सरकू नये म्हणून कपड्यांचे चिमटे लावा, वर डबा किंवा पुस्तकांचा गठ्ठा अजिबात ठेवू नका कारण आतलं मूल चादर ओढणार आणि ते सगळं खाली येणार. डायनिंग टेबल नसेल तर दोन खुर्च्या पाठीला पाठ न लावता समोरासमोर ठेवून मधे चादर. जरा मोठी मुलं बोगद्यातून पोटावर सरपटत जाऊ शकतात, ते रांगण्यापेक्षा बरंच अवघड आहे.

तोल सांभाळण्यासाठी जुनी सुती साडी घ्या, तिला पीळ घालून जाड दोरखंड करा आणि जमिनीवर नागमोडी टाका. त्यावरून अनवाणी, टाचेला अंगठा लावत चालायचं. भाची पहिल्यांदा यावरून गेली तेव्हा बघण्यासारखं होतं, दोन्ही हात पसरलेले, जीभ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर, आणि प्रत्येक पाऊल टाकण्याआधी पायाच्या बोटांनी साडी चाचपून बघत होती. जमिनीपासून उंची जेमतेम इंचभर, पण मेहनत पूर्ण. पट्टीसारखी सरळ रेघ हवी असेल तर मास्किंग टेप वापरा, स्टेशनरीच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. सेलोटेप नको, त्याचा गोंद फरशीला चिकटून बसतो आणि मग त्याच्यावर धूळ बसून काळे पट्टे पडतात.

उडीसाठी पाण्याच्या एक लिटरच्या दोन बाटल्या भरून घ्या, झाकणं घट्ट, आणि त्यांच्या झाकणांवर पोछाची काठी नुसती टेकवा. बांधायची नाही हं, हे फार महत्त्वाचं. पाय लागला की काठी पडली पाहिजे, बांधलेली काठी पडत नाही, मूल पडतं. उंची मुलाच्या गुडघ्याच्या खालीच. लहानांसाठी बाटल्या आडव्या ठेवून त्यावर काठी, बस झालं.

चढ-उतर करायला लाकडी पाट. जेवायला बसायचा पाट दोन-तीन इंच उंच असतो, रुंद असतो, उलटत नाही. दोन-तीन पाट पावलाच्या अंतरावर ठेवा आणि जमिनीला पाय न लावता एकावरून दुसऱ्यावर जायचं. गुळगुळीत फरशीवर पाट सरकतो, म्हणून खाली योगा मॅट किंवा रबरी जाळीचं मॅट टाकाच. प्लॅस्टिकचे एकात एक बसणारे स्टूल यासाठी वापरू नका, कडेवर पाय पडला की उलटतात आणि जुने झाले की तडकतात. उलटी बादलीही नको. चढायला सोफा चालतो, सोफ्यावर चढून दुसऱ्या बाजूने गादीवर उतरायचं, गादी कापसाची असेल तर उत्तम कारण ती पाय उसळवत नाही. स्प्रिंगच्या गादीवर घोटा मुरगळायची शक्यता जास्त.

फेकायला मोज्यांचे गुंडाळे आणि बादली. पाच-सहा फुटांवरून पाच पैकी तीन आत गेले की पुढे. हातावर, डोळ्यावर कंट्रोल येतो, आणि धापा टाकणाऱ्या मुलाला इथे श्वास शांत करावाच लागतो नाहीतर नेम लागत नाही.

उचलायला किंवा ओढायला कापडी पिशवीत तांदूळ किंवा पुस्तकं भरा. वजन किती? दप्तराबद्दल २०२० च्या स्कूल बॅग धोरणात मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंतची मर्यादा सांगितलीय, मी उचलण्यासाठीही तीच धरते. म्हणजे २० किलोच्या मुलाला २ किलो. ओढायचं असेल तर जाड चादरीवर उशा आणि लोड ठेवून ती चादर ओढत पॅसेजच्या टोकापर्यंत न्यायची. धाकट्या भावंडाला त्यावर बसवून ओढायची आयडिया मुलांना हमखास येते, ती मात्र नाही, बसलेलं मूल मागे डोक्यावर पडतं.

आणि एक मोठ्या मुलांना प्रचंड आवडणारी गोष्ट म्हणजे पॅसेजमध्ये लोकरीचं जाळं. दरवाज्याच्या कड्या, खुर्च्यांचे पाय यांना लोकर आडवीतिडवी बांधायची आणि धागा न हलवता पलीकडे जायचं. लोकरच घ्या कारण ती झटका बसला की तुटते किंवा सुटते. नायलॉनची दोरी, मासेमारीचा धागा आणि मांजा तर चुकूनही नाही. हे जाळं कोर्समध्ये अशा ठिकाणी ठेवा जिथे मूल पळत येऊन धडकणार नाही, त्याच्या आधी रांगायचा बोगदा ठेवला की वेग आपोआप मेलेला असतो.

पायरी ४: क्रम लावा

क्रमाला लोक किंमत देत नाहीत, पण मजा आणि सेफ्टी दोन्ही त्यातच आहे. सुरुवात सोप्या आणि जमिनीलगतच्या गोष्टीने, शरीर गरम व्हायला. दम लावणाऱ्या अडथळ्यानंतर एक शांत अडथळा. उड्यांनंतर लगेच तोलाचा अडथळा नको, पाय थरथरत असतात, मधे रांगणं येऊ द्या. गोल फिरायचा काही प्रकार घातला असेल तर त्याच्यापुढे मोकळी जागा ठेवा, पाट किंवा काठी नको.

सहा-सात वर्षांच्या मुलासाठी मी साधारण असं लावते: अस्वल चालीने हॉलच्या एका टोकापासून टेबलापर्यंत, टेबलाखालच्या बोगद्यातून रांगत, बाहेर आलं की तीन पाट, मग साडीवरून नागमोडी, पॅसेजमध्ये बाटल्यांचे दोन हर्डल, तांदळाची पिशवी उचलून बेडरूममध्ये ठेवायची, तिथून बेडूक उड्या मारत हॉलमध्ये परत आणि शेवटी मोज्यांचे बॉल बादलीत. यात वर सांगितलेले सहा गट आले, आणि एक फेरी दोन-तीन मिनिटांत होते. मधे पाण्याचे घोट धरून पाच-सहा फेऱ्या झाल्या की मूल घामाने भिजलेलं असतं.

प्रत्येक अडथळ्यापाशी मास्किंग टेपने आकडा चिकटवा. अक्षरओळख झालेल्या मुलांना कागदावर चित्र आणि सूचना लिहून द्या, "बेडूक १०" किंवा "पाटावर एक पाय, ५ पर्यंत मोज" असं. सूचना वाचत वाचत पुढे जाण्यात त्यांना वेगळीच गंमत वाटते, आणि तुम्हालाही दर वेळी घसा फोडावा लागत नाही.

पायरी ५: आधी तुम्ही जा

मांडून झाल्यावर मोठ्या माणसाने पूर्ण कोर्स एकदा करायचा. पाटावर पूर्ण वजन देऊन बघा, सतरंजी पायाखाली सरकते का बघा, बोगद्यातून गुडघ्यांवर जा. सतरंज्या आणि पायपुसणी हीच मोठी अडचण असते, फरशीवर टाकलेली सतरंजी म्हणजे घसरगुंडी, खाली रबरी मॅट नसेल तर ती कोर्समधून काढूनच टाका. मोजे घालून कोणी कोर्स करायचा नाही, अनवाणीच, पाय फरशीला धरतो आणि बोटं कामाला लागतात.

मग मुलाकडे बघा. ओढणी, स्कार्फ, गळ्यातली माळ, शाळेच्या आयकार्डची दोरी, शिट्टीची दोरी, हुडीची नाडी, गळ्याभोवतीचं सगळं काढायचं. अडकून गळ्याला फास बसणं हा धोका लहान वाटतो पण खरा आहे. लांब केस बांधून टाका. जेवणानंतर निदान तास-दीड तास जाऊ द्या.

पायरी ६: पहिली फेरी चालत

पहिली फेरी कायम हळू, चालत, प्रत्येक अडथळा कसा करायचा ते दाखवत. दुसरी त्यांच्या स्पीडने. घड्याळ लावायचंच असेल तर तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर, आणि फक्त स्वतःच्या आधीच्या वेळेशी तुलना. दोन भावंडांची एकमेकांशी शर्यत लावली की धाकटं रडतं आणि मोठं चुकीचं करून पुढे जातं. मी सेकंदांऐवजी कधी "कमीत कमी आवाज" असं ठेवते, कधी "एकही काठी न पाडता", आणि त्यात मुलं किती नीट हलायला लागतात ते बघा एकदा.

उडी मारून उतरताना "मांजरीसारखं उतर" एवढं सांगा. आवाज न करता उतरायचं म्हटलं की मूल आपोआप पायाचा पुढचा भाग आधी टेकतं आणि गुडघे वाकवतं, ताठ गुडघ्यांनी दणकन उतरणं बंद होतं. खालच्या मजल्यावरच्या लोकांनाही त्याचा फायदा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर दुपारी एक ते चार हा उद्योग करू नका, खाली कोणी आजारी किंवा तान्हं बाळ आहे का विचारून ठेवा, संध्याकाळी पाच ते सातची वेळ बहुतेकांना चालते. एकदा सांगून ठेवलं की लोक समजून घेतात.

आता मदतीबद्दल, कारण इथे आपल्याकडचे आईबाबा आणि विशेषतः आजी-आजोबा फार घाई करतात. मूल सोफ्याच्या हातावर उभं आहे, खाली गादी आहे, उंची दीड-दोन फूट, आणि ते थबकलंय. लगेच हात धरून उतरवू नका. "पडशील, पडशील" म्हणू नका, त्याने त्याला काय करायचं ते कळत नाही, फक्त भीती वाटते. जवळ उभे राहा, हात त्याच्या पाठीपासून वीतभर अंतरावर ठेवा, आणि विचारा की आधी कुठला पाय खाली येणार, हात कुठे धरणार. बहुतेक वेळा ते बसून, पोटावर वळून, पाय सोडून खाली येतं, उडी मारतच नाही, आणि तेही शंभर टक्के चालेल. जे मूल स्वतः चढू शकत नाही तिथे त्याला चढवून ठेवू नका, हा माझा पक्का नियम आहे. स्वतः चढलेल्या उंचीवरून उतरायचं कसं हे शरीराला बऱ्यापैकी माहीत असतं, आपण ठेवलेल्या उंचीवरून नाही.

नको म्हणणाऱ्या मुलाला तो अडथळा बाजूने ओलांडू द्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते आपण होऊन प्रयत्न करतं. भाग पाडलं की पूर्ण कोर्सच नको होतो.

वयाप्रमाणे थोडंफार

दोन ते चार वर्षं: तीनच अडथळे पुरेत, बोगदा, एक पाट, बॉल टाकणं. नियम नाहीत, क्रम नाही, ते बोगद्यातच पंधरा मिनिटं काढतील तर काढू द्या. छोट्या वस्तू आणि बाटल्यांची सुटी झाकणं जमिनीवर नकोत, तोंडात जातात.

पाच ते सात: वर दिलेला कोर्स.

आठच्या पुढे: मांडणी त्यांच्याकडे द्या. कागदावर नकाशा काढायला सांगा, तुम्ही फक्त सेफ्टी तपासा. या वयाला अडथळे अवघड करण्यापेक्षा अटी घाला, म्हणजे बॉल हातात धरून, उलट्या दिशेने, डावा हात न वापरता, किंवा लंगडी घालत. लंगडीचा दोन्ही पायांवर आग्रह धरा, प्रत्येक मुलाचा एक पाय आवडता असतो आणि दुसरा आळशी.

दमा असलेलं मूल असेल तर डॉक्टरांशी आधी बोलून घ्या, इनहेलर हाताशी ठेवा आणि जुन्या गाद्या, लोड आधी उन्हात घालून झटकून घ्या, धुळीनेच त्रास सुरू होतो.

अंगण, पार्किंग किंवा गावाकडचं घर असेल तर

मग काय, चैनच आहे. रेघा खडूने किंवा रांगोळीने, पाऊस आला की धुऊन जातात. तोलासाठी आठ-दहा इंच रुंद फळी, दोन विटा आडव्या टाकून त्यावर, म्हणजे उंची तीन-चार इंचच राहते. फळीवर उघडे खिळे आणि कुसळं आहेत का हाताने नाही, जुन्या फडक्याने पुसत तपासा, फडकं अडकलं की तिथे कुसळ आहे. पोत्यात उभं राहून उड्या, लिंबू-चमचा घेऊन फळीवरून चालणं, शेवटी लगोरीचे सात दगड रचून संपवणं, हे सगळं आपल्या पोरांना कोणी शिकवावं लागत नाही. धापा टाकत असताना सातवा दगड ठेवायला हात स्थिर लागतो, त्यामुळे शेवट म्हणून लगोरी मला बादलीपेक्षाही आवडते.

पंक्चरवाल्याकडे जुने टायर फुकट किंवा अगदी थोड्या पैशात मिळतात. टायरच्या आतल्या कडेला तुटलेली स्टीलची तार बाहेर आलीय का नक्की बघा, आली असेल तर तो टायर नको. आणि काम झालं की टायर आडोशाला, पाणी साचणार नाही असे ठेवा किंवा त्यांना खालून भोकं पाडून घ्या. डेंग्यू पसरवणारा एडीस डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि पावसाळ्यातले टायर ही त्याची आवडती जागा.

विटा, फरशा, लाकडं बरेच दिवस एका जागी पडलेली असतील तर उचलायचं काम मोठ्यांनीच करा, काठीने हलवून मग, खाली विंचू असू शकतो. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावर, सिमेंटची जमीन हाताचा तळवा टेकवून बघा, पाच सेकंद ठेववत नसेल तर अनवाणी पाय तिथे नाहीत. गच्चीवर कोर्स मांडायचा असेल तर कठड्यापासून सगळं निदान आठ-दहा फूट आत, कठड्याजवळ चढायला होईल अशी एकही वस्तू नाही आणि पूर्ण वेळ एक मोठा माणूस तिथे हजर, मोबाइल खिशात. कठडा कमी उंचीचा असेल तर गच्ची विसराच.

मुलं जास्त असतील तर एका अडथळ्यावर एका वेळी एकच मूल. पहिलं तिसऱ्या अडथळ्यावर पोचलं की दुसऱ्याने निघायचं. थांबलेल्या मुलांना काम द्या, कोणी पडलेली काठी परत ठेवेल, कोणी आकडे मोजेल, नाहीतर रांगेत ढकलाढकली सुरू होते आणि लागतं ते बहुधा तिथेच.

लागलं तर

खरचटलं तर वाहत्या पाण्याने धुवा, स्वच्छ कापडाने टिपा. हळद, टूथपेस्ट, कॉफी असलं काही जखमेत भरू नका. मुका मार किंवा मुरगळलं तर बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, थेट कातडीवर नाही, आणि मुरगळलेला पाय चोळायचा नाही. पाय टेकवतच नसेल, किंवा हाताचा आकार वेगळा दिसत असेल तर हलवाहलवी न करता डॉक्टरकडे. डोक्याला लागल्यावर बेशुद्धी, उलट्या, गुंगी, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट, किंवा मूल नेहमीसारखं वागत नाहीये असं यातलं एकही दिसलं तर घरी वाट बघत बसू नका, लगेच हॉस्पिटल.

पुढच्या वेळी

तोच कोर्स रोज मांडला तर तीन-चार दिवसांत पोरं कंटाळतात, पण पूर्ण नवा रोज मांडणं आपल्याला झेपत नाही. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला. पाटांमधलं अंतर वाढवा, साडीचं वळण बदला, बोगदा उलट दिशेने, बादली एक पाऊल मागे. आठवड्यातून तीन दिवस ठरवून टाका, बाकीच्या दिवशी सायकल, दोरीवरच्या उड्या, सूर्यनमस्कार, जे जमेल ते. आणि घराजवळ मल्लखांबाचा किंवा खो-खोचा वर्ग असेल तर कोर्सची गोडी लागलेलं मूल तिथे जरूर घेऊन जा, लोंबकळणं आणि चढणं घरात नीट होत नाही, ती उणीव मल्लखांबाने जशी भरून निघते तशी दुसऱ्या कशानेच नाही.

आवरताना मुलांना बसवून ठेवू नका. उशा, लोड, तांदळाची पिशवी जागेवर नेणं हा उचलायचाच व्यायाम आहे, तो शेवटच्या फेरीत धरा. बाटल्या, मोज्यांचे गुंडाळे, लोकर, आकड्यांचे कागद एका खोक्यात भरून ठेवले की पुढच्या वेळी मांडायला दहा मिनिटं पुरतात. फरशीवरचा मास्किंग टेप मात्र त्याच दिवशी काढा, जास्त दिवस राहिला तर तोही डाग धरतो, आणि एखाद्या ठिकाणी चिकट राहिलंच तर खोबरेल तेलाचा बोळा पाच मिनिटं ठेवून पुसा, मग साबणाच्या पाण्याने फरशी पुसून कोरडी करून घ्या म्हणजे त्या तेलावरून कोणी घसरणार नाही.